बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी पाणी कोणते घ्यावे आणि त्यावर काय करावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. कांदिवलीच्या एका उंच इमारतीत सतराव्या मजल्यावर आपली बाल्कनी आहे आणि तिच्यात मिरची, टोमॅटो, कढीपत्ता, मोगरा, तुळस आणि एक जुना अनंत अशा बावीस कुंड्या आहेत. गेल्या वर्षभरात मिरचीच्या पानांच्या कडा करपू लागल्या आहेत, अनंताची नवी पाने पिवळी निघत आहेत आणि मातीच्या कुंड्यांवर बाहेरून पांढरा थर चढतो आहे. पाण्याचा पीएच, म्हणजे ते आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, आपण मोजला, तो ८.२ भरला. क्लोरीनमुळे असे होते असे कोणी सांगितले, म्हणून आपण पाणी रात्रभर उघडे ठेवू लागलात. दुसऱ्या कोणी आरओचे पाणी घालायला सांगितले, आणि आरओमधून बाहेर पडणारे पाणी झाडांना घातक असते असेही आपल्या कानावर आले आहे.

यावर मला आधी एकच गोष्ट विचारावीशी वाटते, ती म्हणजे झारी कोणत्या नळावर भरता? मुंबईतल्या बहुतेक मोठ्या सोसायट्यांमध्ये घरात दोन वेगळी पाणी येतात. स्वयंपाकघराच्या नळाला महापालिकेचे पाणी असते, तर संडासाच्या टाकीला आणि पुष्कळ ठिकाणी न्हाणीघरालाही बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी असते. बाल्कनीतला नळ काढताना प्लंबर जवळची लाइन घेतो आणि ती बहुधा न्हाणीघराची असते. मी सत्तावीस वर्षे विलेपार्ल्यात कुंड्यांमध्ये झाडे वाढवते आहे आणि गेली बारा वर्षे इतरांच्या गच्च्या आणि बाल्कन्या पाहायला जाते. पाण्याबद्दल तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आपण झाडांना कोणते पाणी घालतो हे खरोखर ठाऊक नव्हते. आपण सांगितलेली लक्षणे पाहता आपल्याकडेही तेच झाले असावे असा माझा अंदाज आहे. परंतु अंदाजावर उपाय करू नये, आधी मोजावे.

मोजण्यासाठी सुरुवातीला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारा पेन पुरेसा असतो. तो तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि आरओ दुरुस्तीला येणाऱ्या माणसाकडे तर असतोच. हा पेन प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी मोजतो आणि ठरावीक आकड्याने गुणून ती पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम क्षार अशा रूपात, दाखवतो. हा गुणक काही पेनांमध्ये ०.५ असतो, तर काहींमध्ये ०.६४ किंवा ०.७. त्यामुळे शेजाऱ्याचा पेन आणि आपला पेन एकाच ग्लासात वेगळे आकडे दाखवतात आणि तरीही दोन्ही बिघडलेले नसतात. शक्य असल्यास ईसी दाखवणारा पेन घ्यावा आणि १४१३ मायक्रोसिमेन्सच्या प्रमाणित द्रावणात तो वर्षातून दोन-तीनदा तपासावा. घरातल्या प्रत्येक नळाचे पाणी वेगवेगळ्या स्वच्छ ग्लासात घ्यावे, मोजावे आणि आकडे तारखेसह भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. एप्रिल-मेमध्ये हे दर आठवड्याला करावे, कारण त्या दिवसांत टँकर वाढतात आणि प्रत्येक टँकर वेगळ्या विहिरीवर भरलेला असू शकतो.

हे आकडे वाचायचे कसे? सिंचनाच्या पाण्यासाठी जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा आहे की ईसी ०.७ मिलिसिमेन्सच्या (७०० मायक्रोसिमेन्सच्या) आत, म्हणजे साधारण ४५० पीपीएमच्या आत असेल, तर क्षारांची काळजी करण्याचे कारण नाही. ०.७ ते ३ या दरम्यान सांभाळून राहावे लागते आणि ३ च्या वर बहुतेक पिकांचे हाल होतात. हे आकडे शेतासाठी आहेत हे मात्र लक्षात ठेवावे. शेतात मुळांना खाली जायला जागा असते, कुंडीत नसते. घेवडा आणि स्ट्रॉबेरी खारेपणाला सर्वांत आधी कंटाळतात, मिरची त्यांच्या पाठोपाठ, आणि टोमॅटो बराच काळ तग धरतो. आपली मिरची आधी करपली आणि टोमॅटोबद्दल आपण काहीच लिहिले नाही, हेही त्याच्याशी जुळते.

आता महापालिकेच्या पाण्याविषयी. ते आपल्याला भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, विहार आणि तुळशी या सात तलावांतून मिळते. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा आणि तानसा १८९२ चा. हे सारे पाणी पावसाचे आहे. ते सह्याद्रीच्या पायथ्याच्या काळ्या कातळावरून आणि जंगलातून वाहत येते, जमिनीत खोल मुरून क्षार गोळा करायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणून ते गोडे आणि मऊ असते. माझ्या स्वयंपाकघराच्या नळावर पेन वर्षभर ६० ते १०० च्या दरम्यान राहतो. कुंडीतल्या झाडांसाठी याहून चांगले पाणी विकत घेऊनही सहज मिळणार नाही. मुंबईकर आपल्या पाण्याला नावे ठेवतात, पण झाडांच्या दृष्टीने पाहिले तर आपण फार नशीबवान आहोत, असे मी मनापासून म्हणते.

या पाण्यात क्लोरीन असतो हे खरे आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोहोचताना लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो आणि पावसाळ्यात कधी कधी वास चांगला जाणवतो. परंतु कुंडीत शेणखत किंवा कंपोस्ट असेल, तर पाणी मातीला लागल्याबरोबर क्लोरीन वरच्या थरातल्या सेंद्रिय पदार्थांशी संयोग पावून संपून जातो. मुळांपर्यंत तो जवळजवळ पोहोचतच नाही. पाणी रात्रभर रुंद तोंडाच्या बादलीत ठेवले तर क्लोरीन उडून जातो, ऊन लागले तर त्याहून लवकर जातो, आणि असे करण्यात काही तोटा नाही. बादलीतल्या पाण्याला घरातल्या हवेचे तापमान येते, हा उलट फायदाच आहे. मात्र पाने करपण्याचे कारण क्लोरीन नाही. पाणी रात्रभर ठेवून क्लोरीन जाईल, पण त्यात मीठ असेल तर ते सकाळी जसेच्या तसे असेल, किंबहुना थोडे पाणी उडून गेल्यामुळे किंचित दाटच झालेले असेल. लोक क्लोरीनला फार भितात आणि मिठाला अजिबात भीत नाहीत. माझ्या मते मुंबईत नेमके उलट असायला हवे.

मिठाचा प्रश्न येतो तो बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यातून. मुंबई तीन बाजूंनी समुद्राने आणि खाड्यांनी वेढलेली आहे. किनाऱ्याजवळ जमिनीखालचे गोडे पाणी जसजसे उपसले जाते, तसतसे समुद्राचे पाणी आत सरकते. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे शंभर लिटर गोड्या पाण्यात एक लिटर समुद्राचे पाणी मिसळले, तरी टीडीएस साडेतीनशेने वाढतो. आपल्या आज्ज्या ज्याला मचूळ पाणी म्हणत ते हेच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चव जिभेवर रेंगाळते, ही त्याची जुनी ओळख. पश्चिम उपनगरांत मी मोजलेल्या बोअरवेलांपैकी काहींचा टीडीएस ५०० च्या आत होता, तर काहींचा २,००० च्या वर. एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींतही पाणी वेगळे निघाले आहे, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबू नये.

मचूळ पाण्याचे नुकसान एका दिवसात दिसत नाही, ते साठत जाते. समजा, एका मोठ्या कुंडीला उन्हाळ्यात रोज एक लिटर पाणी लागते आणि त्या पाण्याचा टीडीएस १,००० आहे. त्या एका लिटरातून एक ग्रॅम क्षार कुंडीत गेले. पाणी झाड पिते आणि हवेत सोडते, काही मातीतून सुकून जाते, परंतु बहुतेक क्षार मागेच राहतात. महिन्याभरात असे तीस ग्रॅम होतात. आपण स्वतःहून कधी त्या कुंडीत पाच चमचे मीठ टाकले असते का? महापालिकेच्या ८० टीडीएसच्या पाण्यातून महिन्याला अडीच ग्रॅमसुद्धा जात नाहीत. कुंडीबाहेरचा पांढरा थर हा याच हिशेबाचा उरलेला भाग आहे. नखाने थोडा खरवडून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, म्हणजे पाणी जड आहे. काहीच झाले नाही आणि थर पाण्यात चटकन विरघळला, तर सोडियमचे क्षार किंवा रासायनिक खताचे अवशेष असण्याची शक्यता जास्त.

आरओ सोडला तर असे पाणी घरच्या घरी गोडे करता येत नाही. उकळल्याने तात्पुरता जडपणा, म्हणजे चुन्याचा काही भाग तळाशी बसतो, पण सोडियम आणि क्लोराइड तसेच राहतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्षार नाही. कापडाने, कोळशाने किंवा कँडलच्या फिल्टरने गाळूनही क्षार निघत नाहीत. त्यावर दोनच मार्ग आहेत, पाणी बदलणे किंवा त्यात गोडे पाणी मिसळणे. मिसळण्याचा हिशेब सरळ सरासरीचा असतो. बोअरवेलचे पाणी १,४०० आणि महापालिकेचे ८० असेल, तर निम्मे-निम्मे मिसळल्यावर ७४० होते, आणि एक भाग बोअरवेलच्या पाण्यात तीन भाग महापालिकेचे घातले तर ४१० होते. पहिले मिश्रण मी फक्त कोरफड, बोगनवेल आणि सदाफुलीसारख्या सोशिक झाडांना देईन, दुसरे सर्वांना चालेल. बावीस कुंड्यांना उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी लागते. एवढे पाणी स्वयंपाकघरातल्या भाज्या आणि तांदूळ धुतलेल्या पाण्यातून बऱ्याच अंशी निघते. तांदळाचे धुवण ताजे असतानाच पातळ करून द्यावे, आंबवून साठवलेले नाही, कारण त्याने मातीवर चिलटे येतात. मीठ घालून भाजी उकडलेले पाणी मात्र कुंडीत कधीही घालू नये.

पाणी मऊ करणाऱ्या यंत्राबद्दल इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण यात माझे स्वतःचे नुकसान झाले आहे. काही वर्षांपूर्वी मी राहत होते त्या सोसायटीने बोअरवेलच्या लाइनीवर सॉफ्टनर बसवला. नळांवर पांढरे डाग पडायचे थांबले, साबणाला फेस येऊ लागला आणि मलाही वाटले की झाडांचे भले झाले. पाच महिन्यांत कुंड्यांतली लाल माती अशी घट्ट झाली की पाणी वर चढून उभे राहायचे आणि दहा-दहा मिनिटे खाली उतरायचे नाही. खुरप्याने उकरले की माती चिकट वडीसारखी निघायची आणि वाळली की विटेसारखी कडक व्हायची. नऊ वर्षांचा अनंत आणि दोन मोगरे गेले. कारण नंतर समजले. सॉफ्टनरमधली रेझिन पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्यांच्या जागी सोडियम सोडते, म्हणून तर ती मधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावी लागते. टीडीएस पेनावर काहीच फरक दिसत नाही, कारण क्षारांचे वजन जवळपास तेवढेच राहते. पण मातीच्या बारीक कणांना एकत्र धरून ठेवणारे कॅल्शियम गेले आणि सोडियम आले, की कण सुटे होतात, भोके बुजतात आणि मुळांना हवा मिळत नाही. तेव्हा आपल्या सोसायटीत असे यंत्र आहे का, हे पंपाच्या खोलीत जाऊन किंवा वॉचमनला विचारून जरूर पाहावे, आणि असल्यास त्या लाइनीचे पाणी कुंड्यांना एक थेंबही देऊ नये. जी माती आधीच घट्ट झाली आहे तिच्यात बारा इंची कुंडीला दोन लहान चमचे जिप्सम (कॅल्शियम असलेले खनिज) वरच्या थरात मिसळावे आणि मग गोड्या पाण्याने हळूहळू धुवावे. माझ्या उरलेल्या कुंड्या याने वाचल्या.

आता आपल्या ८.२ पीएचकडे वळते. पीएचचा आकडा एकटा पाहिला तर फसवतो. पाण्याचा पीएच बदलायला ते किती विरोध करते, हे त्यातल्या बायकार्बोनेटवर, म्हणजे अल्कलिनिटीवर ठरते. महापालिकेच्या पाण्याचा पीएच ८ असला तरी अल्कलिनिटी कमी असल्यामुळे कंपोस्टच्या मातीत तो सहज खाली येतो आणि झाडाला त्याचा त्रास होत नाही. बोअरवेलच्या पाण्याचा पीएच ७.५ असला आणि अल्कलिनिटी लिटरला ३५० मिलिग्रॅम असली, तर ते पाणी दर वेळी मातीत थोडा थोडा चुना घातल्यासारखे काम करते. सहा महिन्यांत मातीचाच पीएच चढतो. कुंड्यांसाठी अल्कलिनिटी साधारण १०० पर्यंत असली तर चांगली, १५० च्या वर गेली की अनंत, मोगरा आणि जास्वंद तक्रार करू लागतात. ती मोजायला प्रयोगशाळेतच जावे लागते असे नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या किंवा कुठल्याही मत्स्यालयाच्या दुकानात ‘केएच’ (व्यवहारात हीच अल्कलिनिटी) तपासण्याचे थेंबांचे किट मिळते. पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजायचे असते, आणि बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम. पीएचचा पेन महापालिकेच्या अगदी कमी क्षारांच्या पाण्यात स्थिर होत नाही, आकडा सरकत राहतो, तेव्हा तिथे दशांशाच्या मागे लागू नये.

अनंताची पाने जवळून पाहावीत. शेंड्याची नवी पाने पिवळी असून त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या असतील, जणू पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने जाळी काढली आहे, तर ती लोहाची कमतरता आहे. मातीत लोह असते, पण पीएच ७ च्या वर गेला की ते विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. गंजलेले खिळे कुंडीत पुरण्याचा घरगुती उपाय म्हणूनच उपयोगी पडत नाही, कारण गंज हे न विरघळणारेच लोह आहे. जुनी, खालची पाने अशी पिवळी पडत असतील तर मात्र मॅग्नेशियमकडे पाहावे, तिथे लिटरला एक ग्रॅम एप्सम सॉल्टची (मॅग्नेशियम सल्फेटची) फवारणी उपयोगी पडते. नव्या पानांच्या पिवळेपणावर एप्सम सॉल्ट घालून काही होत नाही, उलट क्षार वाढतात.

अल्कलिनिटी जास्त असलेले पाणी वापरण्यावाचून गत्यंतर नसेल, तर त्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व घालता येते. दहा लिटर पाण्यात एक ग्रॅम घातल्याने अल्कलिनिटी साधारण ५० ते ७० मिलिग्रॅमने उतरते. एकदम जास्त घालू नये. आधी एका बादलीवर करून पीएच पाहावा आणि तो ६ ते ६.५ च्या आसपास आला की थांबावे. याची मर्यादाही सांगायला हवी. मातीतले जिवाणू सायट्रिक ॲसिड खातात आणि त्यातून बराचसा बायकार्बोनेट पुन्हा तयार होतो, त्यामुळे हा उपाय दोन-तीन महिन्यांच्या उन्हाळ्यापुरता ठीक आहे, कायमचा नाही. शिवाय याने अल्कलिनिटी उतरते, मीठ उतरत नाही. महापालिकेच्या पाण्यात तर आम्ल घालण्याची मुळीच गरज नाही, त्याची अल्कलिनिटी इतकी कमी असते की चिमूटभर जास्त झाले तरी पीएच ४ वर जाऊन मुळांना इजा होते.

आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याबद्दल आपल्याला सांगितलेले अर्धेच खरे आहे. आरओ यंत्र आत आलेल्या पाण्यापैकी थोडे गोडे करून देते आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात ढकलते. आत शंभर लिटर घेऊन पंचवीस-तीस लिटर शुद्ध देणाऱ्या यंत्रात वाया पाण्याचा टीडीएस मूळ पाण्याच्या सुमारे सव्वा ते दीडपट होतो. मूळ पाणी महापालिकेचे, ८० टीडीएसचे असेल तर वाया पाणी ११० चे होईल, आणि ते झाडांना निःशंकपणे घालावे. मूळ पाणी १,२०० चे असेल तर वाया पाणी १,६०० च्या पुढे जाईल, ते फरशी पुसायला वापरावे. तेव्हा वाया पाणी झाडांना चालते का, या प्रश्नाचे उत्तर यंत्रात पाणी कोणते जाते यावर आहे. खरे तर महापालिकेच्या पाण्याला आरओ लागतच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यासाठी आरओच्या वापरावर बंदी घालण्याचे निर्देश दिले होते, ते पाण्याची नासाडी पाहूनच. आरओचे शुद्ध पाणी कुंड्यांना घातल्याने अपाय होत नाही, पण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ नसते, आणि एक लिटरसाठी दोन-तीन लिटर वाया घालवून ते झाडांना देणे मला पटत नाही.

मुंबईत आणखी दोन पाणी फुकट मिळतात. एक एसीचे. आपल्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला एक-दोन लिटर पाणी सहज गाळतो आणि ते हवेतल्या बाष्पाचे असल्याने त्याचा टीडीएस अगदी कमी असतो. नळी थेट पिंपात सोडावी आणि ते बोअरवेलच्या पाण्यात मिसळायला वापरावे, कारण पातळ करण्यासाठी याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. एसीची सर्व्हिसिंग रसायनाने झाली असेल तर त्यानंतरचे दोन दिवसांचे पाणी सोडून द्यावे. हे पाणी पिऊ नये, झाडांना चालते.

दुसरे अर्थातच पावसाचे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी घेऊ नये, त्यात छपरावरची धूळ, कबुतरांची घाण आणि हवेतली काजळी असते. मात्र साठवलेल्या पाण्याबद्दल मी फार काटेकोर आहे आणि आपणही असावे. डेंग्यूचा एडिस डास आणि शहरी मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी, हे दोघेही अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. पिंपाला घट्ट झाकण असावे, नळीच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या कराव्यात, कारण अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवसच लागतात. पालिकेचे कर्मचारी तपासणीला आले तर त्यांना बाल्कनी दाखवावी. आपल्या एका ताटलीमुळे खालच्या मजल्यावरचे लहान मूल आजारी पडू शकते.

पाणी कोणतेही असले तरी ते देण्याची रीत महत्त्वाची आहे. रोज थोडे थोडे वरवर शिंपडल्याने क्षार वरच्या थरात साठतात. माती बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत सुकली की पोटभर पाणी द्यावे, इतके की दिलेल्या पाण्याचा दहावा ते पाचवा भाग खालच्या भोकातून बाहेर पडेल, आणि ते बाहेर पडलेले पाणी ताटलीत राहू देऊ नये, नाहीतर माती तेच क्षार पुन्हा वर ओढून घेते. या निचऱ्याच्या पाण्यात पेन बुडवून पाहावा. आत ४०० चे पाणी घालून खाली २,५०० चे निघत असेल, तर आपल्या मातीत काय साठले आहे ते कळेल. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे आणि नळीत राहिलेले पाणी दुपारी इतके तापते की हात लावून ठेवता येत नाही. पाणी सकाळी सातच्या आत द्यावे, आणि नळीतले पहिले पाणी बादलीत काढून निवू द्यावे.

कोकोपीट वापरत असाल तर एक सूचना. किनाऱ्यावरच्या नारळाच्या काथ्यापासून बनवलेल्या विटांमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात आणि सगळ्याच विटा धुतलेल्या नसतात. वीट भिजवून पिळावी, पिळलेल्या पाण्यात पेन घालावा आणि आकडा ४००-५०० च्या खाली येईपर्यंत दोन-तीनदा पाणी बदलावे. अनेकदा खापर पाण्यावर फुटते आणि मीठ विटेतून आलेले असते.

मातीशिवाय, पाइपांत लेट्यूस किंवा पालक लावायचा विचार असेल, तर महापालिकेचेच पाणी घ्यावे. तिथे पाणी रात्रभर ठेवणे किंवा हवेच्या पंपाने फेसाळणे योग्य आहे, कारण क्लोरीन जिरवायला माती नसते. पीएच ५.५ ते ६.५ ठेवावा, लेट्यूसला ईसी ०.८ ते १.२ पुरतो. मुंबईत खरी अडचण उष्णतेची आहे. २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाला साडेसातच, आणि २८ अंशांच्या वर मुळे कुजवणारी बुरशी जोर धरते. टाकी घरात, सावलीत ठेवावी आणि एप्रिल-मेमध्ये लेट्यूसचा हट्ट सोडावा.

आपल्या कुंड्यांपुरते सांगायचे तर या आठवड्यात सर्व नळ मोजावेत आणि आजपासूनच स्वयंपाकघराच्या नळाचे पाणी सुरू करावे. मिरचीच्या कुंड्या आता धुवायच्या असतील तर प्रत्येकीला तिच्या मातीच्या दुप्पट पाणी, म्हणजे बारा इंची कुंडीला पंचवीस-तीस लिटर लागेल, आणि पाणीकपातीच्या दिवसांत एवढे पाणी ओतायला माझे मन होत नाही. त्यापेक्षा जूनची वाट पाहावी. दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस झाला तर बारा इंची कुंडीच्या तोंडातून सात लिटर पाणी आत जाते, म्हणजे अशा चार दिवसांत कुंडी फुकट धुऊन निघते. आपली बाल्कनी छताखाली असेल तर सोसायटीला विचारून तेवढे दिवस कुंड्या गच्चीवर न्याव्यात. त्या पावसात नत्रही वाहून जाते, तेव्हा नंतर प्रत्येक कुंडीला दोन मुठी चांगले कुजलेले शेणखत द्यावे.

अनंताला पाणी बदलल्यानंतर चिलेटेड, म्हणजे विरघळलेले राहावे म्हणून दुसऱ्या रेणूशी बांधलेल्या, लोहाची फवारणी लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात, दर पंधरा दिवसांनी, ऊन उतरल्यावर तीनदा करावी. खत विकणाऱ्याकडे ईडीटीए प्रकारचे लोह मिळेल. ते चढ्या पीएचच्या मातीत टिकत नाही, म्हणून मातीत न घालता पानांवरच फवारावे. आज पिवळी असलेली जुनी पाने बहुधा हिरवी होणार नाहीत आणि करपलेल्या कडा तर भरून येतच नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून उपाय बदलू नये. शेंड्याजवळच्या एका फांदीला दोरा बांधून ठेवावा आणि दोऱ्याच्या वर जी नवी पालवी फुटेल तिचा रंग पाहावा. पाच-सहा आठवड्यांत ती हिरवी निघाली नाही, तर नळांचे आकडे, निचऱ्याचा आकडा आणि केएचचे थेंब मला कळवावेत, मग कुंडी बदलण्याविषयी बोलू.